शेवटच्या कडव्यातलं नाव

रॅप कुठून शिकलीस, असं मला विचारतात. त्यांना मुंबई-पुण्याचं एखादं नाव ऐकायचं असतं. मी शिकले ती पत्रकं लिहिताना. पालमहून परभणीला कॉलेजात जायचे, एसटीत मांडीवर वही ठेवून लिहायचे. वसतिगृहाला पाणी नाही, शिष्यवृत्ती अडवली, असले विषय. पत्रकात मागणी पहिल्या ओळीत लागते, कारण वाचणारा उभा असतो. दुसरी शाळा म्हणजे वडिलांच्या गायन पार्टीची कॅसेट. तिनं श्वास कुठं तोडायचा ते शिकवलं.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. वस्तीत अजून त्यांना शाहीर म्हणतात. पार्टीच्या गाण्याची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं. आमच्यात कुणाचं पुस्तक छापून निघत नाही, नाव तेवढं त्या कडव्यात टिकतं. कॅसेटवरच्या प्रत्येक गाण्यात वडिलांचं नाव आहे.

त्यातलं समतेचं एक गाणं मी घेतलं. चाल त्यांची, मधे माझ्या ओळी. विहारापुढच्या कार्यक्रमात म्हटलं, वडिलांच्या पार्टीतल्या काकांनी ढोलकी धरली. शेवटी वडिलांचं नाव घेतलं तशी म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. ते गाणं मी लगेच मोबाइलवरून सगळीकडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आत्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून आमच्यातच राहते, रोजानं कापूस वेचायला जाते.

"गाणं म्हणायलतीस का भांडायलतीस गं काल?"

"दोन्ही."

"भांड. पर एक कडवं खाल्लंस."

"कॅसेटीत चारच हायत, आत्या."

"चारच असणार. पाचवं त्यानं काढलं. नावाच्या कडव्याला जागा पायजे हुती."

आणि हात न थांबवता तिनं ते म्हटलं. त्यातल्या दोन ओळी अशा:

सभेत पुढं बसले सारे गावाचे कारभारी,
आमी मागं उभ्या, वटीत कापूस भारी.

"हे तू रचलंस?"

"समदीच गाणी मी रचली. मला लिव्हता येत न्हाई. मी वेचता वेचता म्हणायची, त्यो सांजच्याला वहीत उतरवायचा."

"मग नाव त्याचं कसं?"

"पार्टी त्याची. बाईचं नाव कोण घेतंय चार गावांत?"

वडील वाईट नव्हते, असं लिहायला हात शिवशिवतो. पण समता गाणाऱ्या माणसानं बहिणीचं कडवं कापलं आणि तिथं आपलं नाव बसवलं. हे दुसऱ्या कुणाच्या घरात घडलं असतं तर मी पत्रक काढलं असतं. इथं तर तीच चोरी मी पूर्णा-सेलूपर्यंत पोचवली होती. गाणं काढून टाकलं. काकांना म्हटलं, पाच कडव्यांचं नव्यानं करू, आत्याच्या नावानं.

"मेलेल्या माणसाचं नाव पुसायलीस? त्याच्याच नावावर उभी हायस तू."

"मी आत्याच्या ओळींवर उभी हाय, काका."

"मग माझी ढोलकी न्हाई."

त्यांनी ढोलकी खोळीत घातली. अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आत्याही तयार नव्हती. "वारलाय त्यो. आता काय भांडू?" मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "तू बी एक दिवस जाशील. मग कोण सांगंल?" ती उठून आत गेली.

संध्याकाळी चुलीपुढून तिचं पुटपुटणं ऐकू आलं. शेवटचं कडवं वडिलांच्या नावाच्या मापाचं होतं. तिचं नाव लांब, ओळीत मावत नव्हतं. मी म्हटलं, दे, मी बसवून देते.

"तू गप. माझं नाव हाय."

ओळ तिनं टाकून दिली. सबंध कडवं मोडलं. दोन दिवस वेचणीत, भाकरी थापताना, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, थांबत होती, पुन्हा धरत होती. मी खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून ठेवल्या, आवाज घुमू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती रानातून भर दुपारीच आली. पदराला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. गोधड्यांच्या मधे बसली, माझ्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं.

"दार लाव," म्हणाली. "घे आता."