सकाळी कालवण कशाचं होतं?

पद्माताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी अपघात विभागात एका रुग्णाच्या हाताची पट्टी बदलत होतो. "डॉक्टरकाका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी पट्टी पूर्ण बांधली, पुन्हा कधी यायचं ते त्या माणसाला सांगितलं आणि मग कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलाकडे पाहिलं. आमच्या सोलापूरच्या रुग्णालयात त्या समाजसेवा अधीक्षक होत्या. वरच्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली होती, फिरती खुर्चीही होती. पण त्या बसायच्या या स्टुलावर, पत्र्याच्या एका मोठ्या डब्याशेजारी. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण कौतुक त्यांना मनापासून आवडे. कुणी केलं नाही तर त्या मागूनही घेत.

आमची खरी ओळख झाली ती सांगोल्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंमुळे. चक्कर येऊन पडल्या म्हणून त्यांना आणलं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्याच कारणासाठी त्या येऊन गेल्या होत्या. सलाइन लावून मी त्यांना बरं करून पाठवलं होतं, म्हणजे निदान माझी तशी समजूत होती. "जेवण झालं होतं का?" मी विचारलं. "व्हय की, झालं," त्या म्हणाल्या. मी पुढच्या तपासणीकडे वळणार, तोच मागून पद्माताईंचा आवाज आला, "मावशी, सकाळी कालवण कशाचं होतं?" बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या... "कालवन कशाचं करतीस बाय," त्या शेवटी म्हणाल्या, "परवापासनं चूलच न्हाय पेटली."

नंतर पद्माताई मला म्हणाल्या, "अहो डॉक्टर, 'जेवलात का' हा काय प्रश्न आहे? तो नमस्कार आहे. नमस्काराला कुणी 'नाही' म्हणतं का? आमच्या घरी तेलुगूत 'तिन्नारा?' म्हणतात. हातमागावर उपाशी बसलेले माझे आजोबासुद्धा 'तिन्नानु' म्हणजे 'जेवलो' म्हणायचे." आपल्याकडचा शिष्टाचार किती जणांना उपाशी घरी पाठवत असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

त्याही चुकत असत. सुरुवातीला त्यांनी विभागाच्या दाराशी टेबल मांडून अन्नाची पाकिटं ठेवली आणि वर पाटी लावली, 'गरजूंसाठी मोफत'. लोक त्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागले. पाकिटं तशीच राहिली. ताईंनी स्वतःच पाटी उतरवली आणि म्हणाल्या, "गरजू हा शब्द वाचून माझीसुद्धा भूक मेली असती." तेव्हा मी चाचरत एक सुचवलं. मधुमेहाच्या कित्येक गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतातच. मग भाकरी औषधांच्याच पिशवीतून का देऊ नये? 'गोळीच्या आधी अर्धी भाकरी' हे मी सांगितलं, की ते औषध झालं. औषध घेण्यात कुणाचा मान जात नाही. पुढे ही युक्ती त्या सगळ्यांना आपली म्हणून सांगत. मी एकदा हसत आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "कल्पना माझीच होती. तुम्ही फक्त आधी बोललात."

तेव्हापासून त्या डब्यात ज्वारीची कडक भाकरी आली. पापडासारखी वाजणारी, कितीतरी दिवस टिकणारी. सोबत शेंगाचटणी. त्यांच्याच गल्लीतल्या रझियाभाभी ती भाजून आणत. पण भाकरी हे ताईंचं काम नव्हतं, भाकरी त्यांना वेळ मिळवून देत असे. "ती संपायच्या आत मला गावात एक माणूस शोधायचा असतो," त्या म्हणत, आणि फोन लावत. कधी अंगणवाडीताईंना, कधी सरपंचांना. रेशन दुकानदाराशी त्यांचं एक बोलणं मला पाठ आहे : "दादा, तुमच्या गावची मावशी हाय हितं. अंगठा उमटत न्हाय म्हणून तिला माघारी लावता म्हणं. खुरपून खुरपून अंगठा झिजलाय ओ तिचा, पोट झिजलं न्हाय. दुसरी सोय असती की तुमच्याकडं, ती करा. आणि केली की मला सांगा, न्हायतर मीच येते जेवायला."

त्या आजारी पडल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. खूप वाळल्या होत्या. निघताना मी विचारलं, "ताई, जेवलात ना?" "झालं की," त्या म्हणाल्या, आणि मी... मी समाधानाने चप्पल घातली. त्यांना कित्येक दिवस अन्न जात नव्हतं, हे मला नंतर समजलं. इतकी वर्षं त्यांच्याशेजारी उभा राहून मी त्यांनाच तो प्रश्न विचारला, हे मनातून जात नव्हतं. दहाव्याला त्यांच्या मुलीजवळ मी ते बोललो. ती रडता रडता हसली. म्हणाली, "काका, तुम्ही जिना उतरलात आणि आई म्हणाली, 'डॉक्टर नापास झाले. पण मीही खोटंच बोलले, तेव्हा फिट्टंफाट.'"

त्यानंतर एके दिवशी रझियाभाभी भाकऱ्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ताई तो गये. आता कुणाकडं द्यायची, डॉक्टरसाब?" ताईंच्या जागी कुणाची नेमणूक झाली नव्हती. डबा रिकामा होता. कुणी हो म्हटलं नसतं, तर तो तसाच भांडारात गेला असता. मला मोठ्याने बोलता येत नाही, कुणाला हक्काने दामटता येत नाही. तरीही मी म्हणालो, "इथेच ठेवा. माझ्याकडे."

गेल्या आठवड्यात माढ्याकडचं एक वृद्ध जोडपं आलं. बाबांना घेरी आली होती. सलाइन लावलं, आणि मी पहिल्यांदाच त्या स्टुलावर बसलो. "बाबा, सकाळी कालवण कशाचं होतं?" ते छताकडे पाहत राहिले. आजी म्हणाल्या, "कशाचं आन् काय... कोरा च्या पिऊन निघालो." मी त्यांच्या गावच्या अंगणवाडीताईंना फोन लावला. माझा आवाज इतका हळू, की त्यांनी दोनदा विचारलं, "कोण बोलतंय?" पण सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याच आळीतले हायत की ते! पाठवा, मी बघते."

मी डबा उघडून आजींच्या हातात भाकरी ठेवली. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आन् डाक्टर, तुमी जेवला का?"

'झालं' हा शब्द ओठांवर आलाच होता.

"नाही, आजी."

"मग बसा की गुमान," त्या म्हणाल्या, आणि भाकरी गुडघ्यावर टेकवून त्यांनी तिचे कडाडकन दोन तुकडे केले. माझा अर्धा मी त्या स्टुलावर बसूनच खाल्ला.