साडीला मॅचिंग मॉनिटर

बडनेऱ्याच्या दीक्षा तायडेला राग आला की ती बोलत नाही, चष्मा पुसते. त्या आठवड्यात तिनं चष्मा इतक्या वेळा पुसला की तिच्या आईनं, दुर्गाबाईंनी, शेवटी विचारलंच, काच झिजवतेस की काय. पण राग यावा असंच घडलं होतं. सदतीस वर्षांची बाई, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून घर चालवते, आणि एक माणूस चारचौघांत सांगतो की हिचं काम बिघडलं, कारण ही गेम खेळते. मला विचाराल तर चष्मा पुसण्यावर भागवलं हा तिचा मोठेपणा.

हा माणूस म्हणजे अकोल्याचे खुशालराव. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि दीक्षा काम शिकली ती तिथेच. आठ वर्षं ती सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायची, संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. चार तासांची हळद चार मिनिटांत बसवणं, पंगतीत घास तोंडात असलेली माणसं हळूच उडवून टाकणं, रुसलेल्या मामाला निदान दोनदा दाखवणं, हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही, ते तिचं तिलाच सुचत गेलं. लॉकडाऊनमध्ये खुशालराव म्हणाले, घरूनच काम कर, आणि स्टुडिओतला एक जुना मॉनिटर तिला देऊन टाकला. कुठल्याशा कचेरीनं भंगारात काढलेला तो डबा. देताना मात्र गडी असा बोलला, जणू घरातला दागिना देतोय.

गेमही त्याच दिवसांत सुरू झाला. कॉम्प्युटरच्या क्लासमधली तिची मैत्रीण यास्मीन अचलपूरला असते, शिवणकामाचं दुकान चालवते. दोघी रोज दुपारी दोन ते तीन कानाला हेडफोन लावून एकाच टोळीत बंदुका घेऊन पळतात. त्याच तासाला निम्मं गाव पंख्याखाली घोरत असतं आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. दीक्षाला मात्र सगळे विचारायचे. त्यात दुर्गाबाई पहिल्या. या वयात हे काय पळणं, असं त्या भाजी निवडता निवडता रोज म्हणायच्या.

तर झालं असं. ज्योत्स्ना नावाच्या, त्यांच्याच गल्लीतल्या मुलीचं लग्न तेल्हाऱ्याच्या मुलाशी झालं. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणजे नवरी-नवरदेव दोघं पांढऱ्या कपड्यांत. ज्योत्स्नानं महिनाभर दुकानं पालथी घालून बारीक सोनेरी काठाची साडी निवडली होती. खुशालरावांनी शूटिंग केलं, दीक्षानं एडिटिंग केलं, आणि तेल्हाऱ्याला सासरची वीस माणसं टीव्हीपुढे जमली. टीव्हीवर साडी निळसर आली. धुताना नीळ जास्त पडावी तशी. सासूबाईंनी विचारलं, पोरीनं साडी बदलली होती काय. नवरदेवाचा कुणी मित्र म्हणाला, निळा तर आपलाच रंग, चालते. हे कानावर आलं तेव्हा दीक्षा पहिल्यांदा भडकली. निळा झेंड्यावर, पांढरी साडी अंगावर, एवढं तर समजायला हवं.

ज्योत्स्ना फोनवर रडली. आणि खुशालरावांनी ज्योत्स्नाच्या वडिलांना, शेजारीपाजारी उभे असताना, सांगून टाकलं की दीक्षा दिवसभर गेम खेळते, तिचे डोळे ठिकाणावर राहत नाहीत. वर दीक्षाला निरोप दिला : शनिवारपर्यंत साडी पांढरी झाली पाहिजे, नाही तर पुढची सगळी लग्नं अकोल्यातल्या दुसऱ्या एडिटरला, रागिणीला.

दीक्षानं दोन दिवस डोकं लावलं तेव्हा कुठे भानगड उमगली. खुशालरावांचा तो डबा वर्षानुवर्षं थोडा थोडा पिवळा पडत गेला होता. साडी तिला पिवळट दिसायची, म्हणून ती निळा रंग वाढवायची, की डब्यावर कशी छान पांढरी दिसे. टीव्ही खरा बोलला आणि ती खोटी पडली. डोळे ठिकाणावर होते, मॉनिटर नव्हता. आणि तो मॉनिटर कुणाचा, हे लक्षात आल्यावर तिनं पुन्हा चष्मा काढला.

नवा मॉनिटर घ्यायचा हे नक्की झालं, पण घर लहान, टेबल एक, तेव्हा मॉनिटरही एकच. त्यावर रंग खरे दिसले पाहिजेत आणि गेममध्ये पळणाऱ्या माणसामागे सावली फरफटता कामा नये. जुन्या डब्यावर शत्रू दिसायचा तोवर दीक्षा मेलेली असायची. यास्मीननं दहा व्हिडिओ पाठवले, दहाही जणांनी दहा वेगळी नावं सांगितली. ते सगळं ऐकत दळण निवडत बसलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या, "टीव्हीचा रंग दुसऱ्या टीव्हीशी काय जुळवतं? साडीशी जुळव. ब्लाऊज पीस घ्याले जातं तं साडी घरी ठेवून जातं काय?"

दीक्षानं यास्मीनचे व्हिडिओ बंद केले. ज्योत्स्नाची साडी तिच्या माहेरीच होती. दुर्गाबाईंनी ती मागून आणली, पिशवीत घातली आणि मायलेकी अमरावतीला, राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले आणि सगळ्यांवर एकच पोपट उडत होता. दीक्षानं सांगितलं, एडिटिंग आणि गेम, दोन्हीसाठी पाहिजे. मालकानं कानातला ब्लूटूथ काढला आणि पहिला प्रश्न केला, मुलगा कितवीत आहे. मुलगा नाही म्हटल्यावर भाचा निघाला, भाचा नाही म्हटल्यावर भाऊ. गेम मी खेळते, हे तिनं दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो हसला आणि मागून लाल दिवे लागणारा, कमानीसारखा वाकलेला मॉनिटर दाखवत म्हणाला, पोरांना हाच आवडतो. एडिटिंगचं काय, तर एडिटिंग कशावरही होतं. इतकी वर्षं पोट ज्यावर भरलं ते कशावरही होतं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकात नाही येत. घरी कोणी जाणकार असन तं त्याले फोन लावून द्या, मी समजावून सांगतो."

दीक्षाचा हात चष्म्याकडे गेला. पण दुर्गाबाईंनी तोवर पिशवी उघडून साडी काउंटरवर पसरली होती.

आता दुकानातली सगळी गिऱ्हाइकं इकडे वळली. दीक्षानं पोपट बंद करायला लावला आणि आपल्या पेनड्राइव्हमधून ज्योत्स्नाचं लग्न लावलं, कॅमेऱ्यातून निघालेलं, हात न लावलेलं. मालक म्हणाला, पांढऱ्या रंगात काय पाहायचं, पांढरं तर सगळ्यावर पांढरंच दिसतं. दुर्गाबाईंनी त्याच्याकडे दया येऊन पाहिलं. नवऱ्याचे पांढरे शर्ट त्यांनी चाळीस वर्षं धुतले. बुद्धपौर्णिमेची साडी, धम्मचक्र दिनाची साडी, सगळ्यांची नीळ त्यांनी अंदाजानं कालवली. पांढऱ्यात काय पाहायचं हे त्यांना हा माणूस सांगत होता.

लाल दिव्यांच्या मॉनिटरवर साडी निळी होती. शेजारच्या, डिझाइन करणाऱ्यांसाठी म्हणून ठेवलेल्या मॉनिटरवर ती बरोबर होती, पण दीक्षानं दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेम लावून पाहिला तर पळणाऱ्यामागे तीच जुनी सावली. मग तिनं खालच्या फळीवरचा, दिवे नाहीत की कमान नाही असा एक साधा काळा मॉनिटर दाखवायला सांगितला. मालक म्हणाला, तो कुणी मागत नाही, दिसायला काही खास नाही. तिनं खोक्यावरचं वाचलं. सेकंदाला एकशे ऐंशी वेळा, साध्या मॉनिटरच्या तिप्पट, चित्र बदलत होतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

साडी त्यावर आधी भडक दिसली. दीक्षानं मागचं बटण शोधून दुकानासाठी मुद्दाम वाढवलेला झगमगाट बंद केला. तरी दुर्गाबाईंचं समाधान होईना. त्या म्हणाल्या, ट्यूबलाइटखाली कापड पाहत नसतात, उजेडात घ्या. मालक म्हणाला, आजी, हा मॉनिटर आहे, कपडा नाही. त्यावर दुर्गाबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा एका गिऱ्हाइकानंच वायर लांबवली आणि मॉनिटर दाराशी, सावलीतल्या उजेडात, स्टुलावर आला. बाजूला दुर्गाबाईंनी पदर धरला. पडद्यातली साडी आणि हातातली साडी, दोन्ही एक. काठाचं सोनंसुद्धा तेच.

"आता पळून पाह्य," दुर्गाबाई म्हणाल्या.

दीक्षा तिथेच, दारात, वाकून खेळली. इतकी वर्षं त्याच घरात राहून दुर्गाबाईंनी तिला खेळताना कधी धड पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. गवतात काहीतरी इवलंसं हललं, ते त्यांना दिसायच्या आत पोरीनं टिपलं होतं. त्यांनी साडीची घडी घातली. मालकानं बिलाचं पुस्तक काढून विचारलं, नाव कोणाचं टाकू. दुर्गाबाई म्हणाल्या, "जे खेळते तिचं."

शनिवारी दुरुस्त व्हिडिओची फाइल न्यायला खुशालराव स्वतः बडनेऱ्याला आले. अकोल्याची परतीची गाडी गाठायची म्हणून ते घाईतच होते. दीक्षानं जुना डबा आणि नवा मॉनिटर शेजारी शेजारी लावून ठेवले होते. दोन्हींवर एकच साडी, मध्ये दुर्गाबाई खरी साडी घेऊन उभ्या. डब्यावर ती हळदीत बुडवल्यासारखी. तेल्हाऱ्याला पाठवलेला दुरुस्त व्हिडिओ सासूबाईंनी दोनदा पाहिला, हेही दीक्षानं सांगितलं. खुशालरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आपला डबा त्यांनी ओळखला, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. माणूस इथे एक शब्द बोलला असता, चुकलो म्हणून, तर दीक्षानं सगळं सोडून दिलं असतं. तिचा स्वभाव तसाच आहे.

ते म्हणाले, "हा मॉनिटर झकास घेतला तू. फक्त याच्यावर गेम नको खेळत जाऊ. काम बिघडते."

दीक्षानं चष्मा पुसला नाही. घड्याळात दोन वाजत होते आणि यास्मीनचा फोन वाजत होता. तिनं जुन्या डब्याची वायर काढून टाकली, हेडफोन कानाला लावले आणि खेळायला बसली. खुशालरावांनी मनगट वर करून वेळ पाहिली. मग त्यांनी दुर्गाबाईंना सांगितलं, पोरीला म्हणा फाइल दे, माझी गाडी आहे.

दुर्गाबाईंनी वायर गुंडाळली, तो पिवळा डबा उचलला आणि त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "तिचा डाव चालू आहे."

खुशालराव बसले. दुर्गाबाईंनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, जाताना विसरू नका म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.