लिंबाआधी चाक

तुमच्या गाडीच्या टायरची आतली बाजू कशी दिसते, सांगा बघू? बाहेरची नको, ती सगळेच पुसतात. नाही ना माहीत? मग आमच्या मुलुंडच्या संघमित्राची गोष्ट ऐका.

संघमित्रा शाळेची व्हॅन चालवते. तोंडाने फटकळ, आणि त्याचा तिला अभिमान. दसऱ्याला आमच्या वस्तीत गाड्यांना हार, चाकांखाली लिंबं. तिच्या घरी अशोक विजयादशमी. पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आधी ती चाकं साध्या पाण्याने धुते, टायरच्या खाचेतले खडे काढते, आतून-बाहेरून हात फिरवते. गाडी गार असतानाच हवा मोजते. तिचा सण तिथून सुरू होतो.

गेल्या दसऱ्याला शेजारच्या जयवंतने नवी घेतलेली, म्हणजे सेकंडहँड, गाडी सजवली होती. आईला, रत्नप्रभाकाकूंना, मालवणकडे त्यांच्या बहिणीला भेटवायचं होतं. कमरेपायी एसटी सोसत नाही, म्हणून काकूंचं गावी जाणं कित्येक वर्षं राहिलेलं. जयवंतने टायरांना काळं पॉलिश मारलेलं, आणि लांबचा पल्ला म्हणून हवा टाइट भरून घेतलेली. लिंबं मांडली, काकू मागे बसल्या.

संघमित्रा बादली घेऊन आली. "जयवंत, स्टिअरिंग पूर्ण वळव."

"कशाला गं? मुहूर्त चाललाय."

"वळव म्हटलं ना."

पुढचं चाक वळलं. तिने आतून हात फिरवला आणि थांबली. टायरच्या आतल्या अंगाला अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा.

"खड्ड्यात आपटलंय. आतले दोरे तुटलेत, वर तू हवा ठासलीस. हायवेवर फुटणार हे."

"हळू चालवतो ना, यार."

"म्हणजे हळू फुटेल?"

रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी पालिकेच्या साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारा माणूस मी. माझं डोकं फिरलं, पण माझ्या आधी मागचा दरवाजा उघडला. काकू कंबर धरून उतरल्या.

"जयवंता, लिंबू फुटलो तर दुसरो गावतलो. चाक फुटला तर आवस खंय गावतली?" मालवणीत आवस म्हणजे आई, गावणं म्हणजे सापडणं.

"पण आई, मुहूर्त?"

"दसरो आख्खो दिवस मुहूर्त. माका शिकवतंस?"

विषय संपला. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच कमी. संघमित्रा हसून हसून बादलीवर बसली. पंपाने हवा भरली, स्टेपनी चढवली, आणि दोघं टायरवाल्याकडे गेले. नवा टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि दरवाजाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच हवा. तोवर काकूंनी इकडे लिंबांचं सरबत करून अख्ख्या गल्लीला पाजलं. गाडी परतली तेव्हा एकच लिंबू उरलं होतं. ते काकूंनी नव्या टायरखाली ठेवलं, आपट्याचं पान संघमित्राच्या हातात दिलं. "घे गो बाय, सोना."

"सोनं ठेवते. काकू, परत येताना खाजं आणा."

लिंबू चिरडून गाडी सुटली, गल्लीने शिट्ट्या मारल्या.

गावाहून फोन आला तो थेट संघमित्राला. "गो बाय, वाटेत माका झोप लागली." मागे दोन म्हाताऱ्या बहिणींचं हसणं आम्ही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलं.

आता तुम्ही उठा. खाली जा, सपाट जागी हँडब्रेक ओढा, गाडी बंद करा आणि चारही टायर आतल्या बाजूने बघा. स्टेपनीसकट. आत्ता जा.