आम्हीच रुंद केलेली वाट

समोरच्या घराचं जोतं भरून राहिलेत. चार दिवस झाले, रोज सकाळी एक गाडी मुरूम टाकून जाते आणि उन्हं चढायच्या आत गवंड्याची बायको नळी धरून त्यावर पाणी मारते. ओल्या मुरमाचा वास काळ्या मातीसारखा गोड नसतो. त्यात जरासं लोखंड असतं, जुन्या भांड्याच्या कडेला जीभ लागावी तसं. मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. वास आला आणि सुपातला हात थांबला. तीन वर्षं हा वास मी पहाटे पहाटे छातीत भरून घेतला आहे, तोही धाप लागलेली असताना. ज्याचं घर होतंय त्याला मी कशाला नावं ठेवू? घराला मुरूम लागतोच, आणि माझंही घर अशाच कुठल्या तरी टेकडीच्या पोटावर उभं असेल. पण तो वास आला की मला एक माणूस आठवतो, आणि तो आठवला की त्या दिवसाचं काम काही माझ्या हातून धड होत नाही.

मुखेडच्या पहाटे पळणाऱ्या मंडळींत मी शिरले तेव्हा माझी साठी उलटून गेलेली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, म्हणून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायची. तिथंच ही वीसेक माणसं जमायची: दुकानदार, मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, कॉलेजातल्या दोन-तीन पोरी. हार्डवेअरचं दुकान चालवणारा एक चाळिशीतला गडी त्यांचा म्होरक्या. सगळे त्याला कप्तान म्हणत. गावाबाहेर कंधारच्या अंगाला एक बोडका डोंगर आहे. तिथवर पळत जायचं, अर्धा तास काम करायचं आणि पळत परत यायचं. काम म्हणजे उताराला आडवे चर खोदायचे, सीताफळाची आणि कडुनिंबाची रोपं लावायची. जाताना प्रत्येकाच्या हातात पाण्याची भरलेली बाटली, येताना रिकामी. नुसतं पळून घाम वाया घालवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, मी काय पळणार. तर म्हणाला, "मावशी, पळू नका, पण मागं राहा. मागं कुणीतरी हाय म्हटलं की पुढचा नीट पळतो." किती चांगलं वाक्य आहे बघा. आजही चांगलंच वाटतं, आणि म्हणूनच जास्त टोचतं.

लुगड्याखाली बूट घालून मी निघायची. हापशावरच्या बायकांना केवढी मौज. "माय वो, सुनंनं हाकललं का काय म्हातारीला, एवढ्या पहाटं पळून राहिली," म्हणायच्या. मी म्हणायची, "सुनंलाच धरायला निघाले, दिसली का कुठं?" महिन्याभरात त्यांचंही हसू संपलं आणि माझीही धाप बसली. पहाटेचा डोंगर तुम्ही कधी पाहिलाय का? अंधार आधी खालच्या शेतांतून निघतो की वरून, हे मला तीन वर्षांत सांगता आलं नाही. तरवडाच्या पिवळ्या फुलांवर दव असतं, कुठंतरी तित्तिर ओरडतो, आणि आपल्या पुढं वीस जोडी पावलांचा आवाज एकाच लयीत चढत असतो. त्या आवाजाच्या मागं मागं जाताना मला वाटायचं, उशिरा का होईना, आपल्याला आपली माणसं सापडली.

आमच्यात एक रिवाज पडला होता. डोंगरावरची पाऊलवाट गोट्यांनी भरलेली. पहिल्याच आठवड्यात नर्सबाईंचा पाय मुरगळला. तेव्हापासून प्रत्येकानं जाताना एक आणि येताना एक दगड वाटेतून बाजूला करायचा, असं कप्तानानं ठरवून दिलं. थांबायचं नाही, पळता पळताच वाकायचं. मला वाकणं जड, मी पायानं ढकलायची; तेही चालायचं. दुसऱ्या वर्षी त्या वाटेवरून दोघं शेजारी शेजारी पळू लागले, तिसऱ्या वर्षी चौघं. कडेनं दगडांचा बांध आपसूक उभा राहिला, आणि त्याच्याकडं आम्ही लेकराकडं बघावं तसं बघायचो. माझे गुडघे धरायचे त्या दिवशी कप्तान मागं येऊन माझ्या चालीनं पळायचा. माझ्या चालीनं पळणं म्हणजे जागच्या जागी उड्याच. वर पोचलं की मी फडक्यातले धपाटे सोडायची, तो बोटं चाटत म्हणायचा, "मावशी, तुमच्यामुळं ह्या गटाला इज्जत हाय." पोटच्या पोराशी मी कधी इतकं बोलले नसेन.

डोंगराच्या पायथ्याशी एका बाईचं शेत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, एकटीच कसणारी, जिभेची फटकळ. आमची वाट तिच्या धुऱ्यावरून जायची, दोन शेतांमधल्या एका माणसापुरत्या पट्टीवरून. तिसऱ्या वर्षी श्रावणात पावसानं ओढ दिली आणि बाटल्यांनी रोपं भागेनात, तेव्हा कप्तान म्हणाला, पाण्याचा टँकर डोंगरापर्यंत न्यायला पाहिजे. वर वाट झालीच आहे, फक्त हिच्या शेतातली तुरीची चार तासं, म्हणजे चार ओळी, मिळाल्या की झालं. तिनं त्याला दोनदा बांधावरूनच परत पाठवलं. मग तो माझ्याकडं आला. "मावशी, तुम्ही बोला. तुमचं ती ऐकंल."

मी गेले. ती बांधाचं गवत कापून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, त्यो लई गोड बोलतो. गोड बोलनाऱ्याला मी शेत दाखवीत न्हाई."

"अगं, स्वतःसाठी मागतोय का तो? झाडांना पाणी न्यायचंय. चार तासं तर जातील."

"तुरीचं न्हाई म्हनत मी. एकदा चाक गेलं की मागून दुसरं चाक येतंय."

मी म्हणाले, "पाण्याच्या गाडीबिगर दुसरं चाक येणार नाही. माझा शब्द."

तिनं विळा पदराला पुसला. "तू म्हनतीस म्हनून. त्येच्यासाठी न्हाई." दुसऱ्या दिवशी चार तासं तुरी तिनं आपल्याच हातानं उपटल्या आणि शेळ्यांपुढं टाकल्या. गुडघ्याएवढी उभी तूर उपटणं म्हणजे काय, हे जिनं ती पेरली तिलाच कळतं.

टँकर आला, तीनदा आला. मग दिवाळी झाली, थंडी पडली. एका पहाटे कप्तानाचा निरोप आला की कणकण आहे, तुम्ही पुढं व्हा. आम्ही पुढं झालो. पायथ्याला पोचलो तर डोंगराची एक कूस रातोरात कापून उघडी पडलेली, आतला तांबडा मुरूम मांसासारखा दिसत होता. यंत्र उकरत होतं आणि भल्या मोठ्या हायवा गाड्या एकामागं एक आमच्या वाटेनं उतरत होत्या, एकही हिसका न खाता. एक ड्रायव्हर माझ्यापाशी गाडी सावकाश करून म्हणाला, "आजी, जरा कडंला व्हा." आणि पुढं म्हणाला, "वाट लई झकास केलीय कुनीतरी."

वीस माणसं उभी होती. एका मास्तरांनी घड्याळ बघितलं, मग सगळे वळले आणि पळत परत गेले. त्या दिवशी मागं कुणी आहे का, हे कुणी पाहिलं नाही.

मी थेट त्याच्या दुकानात गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "मावशी, परवानगी हाय, कागदं हायत. मेव्हण्याचं काम हाय ते. वरच्या झाडांना तर हात लावला न्हाई की कुनी." मी म्हटलं, "आणि वाट?" तर हसून म्हणाला, "वाटेचं काय, तुम्हीच म्हनायच्या ना, वाट सगळ्यांची असती." म्हणाले होते मी. एका सुंदर सकाळी, वर बसून, धपाट्याचा तुकडा त्याच्याच हातावर ठेवताना. माझंच वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. आणि तो चहा मी पिऊन आले, हे मला अजून लागतं. उठून यायला पाहिजे होतं; पण समोर आलेला चहा टाकायची सवय नाही, आणि त्याच्यापुढं वाईट दिसू नये ही सवयही अजून गेलेली नव्हती.

विश्वासघाताचं असं असतं की तो पुढच्या दिवसांपेक्षा मागचे दिवस जास्त नासवतो. पुढचं काय, पुढं आपण सावध राहतो. पण ज्या पहाटे तो माझ्या चालीनं पळाला, ती पहाट खरी होती का? दगड उचलायला सांगितले तेव्हाच त्याला गाड्या दिसत होत्या, की नर्सबाईंच्या पायासाठीच सांगितले आणि लालूच मागाहून आली? मी एकेक सकाळ काढून उजेडात धरते, आणि ती कोणत्या बाजूची ते मला ठरवता येत नाही. तो पहिल्यापासून लबाड होता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं, तर एक वेळ मला झोप लागेल.

त्या बाईकडं मी आठ दिवस गेले नाही. तोंड नव्हतं. गेले तेव्हा तिच्या उरलेल्या तुरीचं पान न् पान तांबडं झालेलं. ती ओरडली नाही. "तुला म्हाईत होतं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नव्हतं. "बरं," म्हणाली. "मग त्ये तहसीलात सांग. मी सांगून राहिले तर म्हनत्यात, बाईनं खुशीनं दिली, आता फिरली. मागायला तू आल्तीस. काय म्हनून मागितलीस, त्ये तुझ्या तोंडानं सांग."

मी सांगितलं. साहेबांपुढं, दहा माणसांत, मला कसं गुंडाळलं ते अथपासून सांगितलं आणि जबाबावर सही केली. कुणाच्या सांगण्यावरून मागितलं असं विचारल्यावर बोट दाखवलं. कप्तान मोबाईलमध्ये बघत बसला होता. आमच्यातले दोघं त्याच्या शेजारी होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही फक्त पळायला जायचो." तीन वर्षांचे चर, रोपं, बाटल्या, सगळं त्या एका वाक्यात बुजलं.

पट्टी बंद झाली. पंधरा दिवसांत गाड्यांनी डोंगराच्या पाठीमागून दुसरी वाट काढली आणि डोंगर आता निम्मा उरला आहे. वरच्या झाडांना खरंच कुणी हात लावला नाही; खालचा उतार गेल्यावर ती आपसूक वाळली. मंडळी अजून पळतात, आता डांबरी रस्त्यानं, एकसारखे बनियन घालून. लांबून हात करतात. मीही करते.

पट्टीतली जमीन गाड्यांनी इतकी चेपली होती की नांगर वरच्यावर घसरायचा. तिसऱ्या नांगरटीला ढेकूळ निघालं. तिथं तिनं करडई टाकली, ती वीतभर येऊन थांबली. मी खुरपायला जाते अधूनमधून. ती नको म्हणत नाही. चहा करते, गुडघ्यांची चौकशी करते, अक्काच म्हणते. मला वाटलं होतं, जबाब दिला, झालं, फिटलं.

परवा बाजाराच्या दिवशी मी मुखेडच्या स्टँडवर जरा टेकले होते, तर ती पिशवी घेऊन घाईनं येताना दिसली. मी म्हटलं, "अगं, कंधारची गाडी आत्ताच गेली, माझ्यासमोर." "हाव का," म्हणाली. पिशवी खाली ठेवली, आणि पलीकडच्या पानवाल्याकडं जाऊन तिनं त्याला विचारलं, कंधारची गेली का. तो म्हणाला, गेली. मग ती परत आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला ते जाणवलंही नसेल. मी सरकून तिला जागा दिली आणि आम्ही दोघी तिच्या पुढच्या गाडीची वाट बघत बसलो.