आधी फुंकायचं

माझी नोकरी लोकांना श्वास घ्यायला शिकवण्याची आहे. असं सांगितलं की पाहुणेमंडळी हसतात. श्वास काय शिकवायचा, तो तर जन्मल्याबरोबर येतो! नांदेडला छातीच्या एका डॉक्टरांकडे मी बारा-तेरा वर्षं काम करते आहे. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात आणि पेशंटला माझ्या खोलीत पाठवतात. तिथे मी त्याला दम्याचा पंप किंवा कॅप्सूल टाकून ओढायचं मशीन कसं वापरायचं ते दाखवते, मग त्याच्याकडून करून घेते. दिवसाकाठी तीस-चाळीस माणसं होतात आणि संध्याकाळी माझा घसा बसतो.

स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. विष्णुपुरीकडच्या एक आजी मशीनच्या कॅप्सूल महिनाभर पाण्याबरोबर गिळत होत्या आणि वर मलाच म्हणत होत्या, "तुझ्या गोळ्यांचा कायबी गुण न्हाई बग, माय." एक मास्तर पंप तोंडापासून वीतभर लांब धरून अत्तर मारल्यासारखा उडवायचे. एका सासूबाईंनी सुनेचा पंप कपाटात कुलूप घालून ठेवला होता, का तर तिला सवय लागेल. मी कुणाचीही भीड ठेवत नसे. डॉक्टर म्हणायचे, "मॅडम, जरा दमानं घ्या." मी म्हणायची, "सर, दमानं घेतलं की सगळं पालथ्या घड्यावर पाणी." माझ्या खोलीतून चुकीचं शिकून कुणी बाहेर पडत नाही, याची मला घमेंड होती. घमेंडच म्हणायची, दुसरा शब्द नाही.

माहेर लातूरचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका डाळ मिलमध्ये बत्तीस वर्षं चाळणीवर होते. तूर भरडली की टरफलं आणि पिठासारखी बारीक धूळ उडते, ती त्यांनी बत्तीस वर्षं अंगावर घेतली. तोंडाला दस्ती बांधलेली असायची. संध्याकाळी तो रुमाल धुताना आई तीनदा पाणी बदलायची. मिल सुटली, खोकला सुटला नाही. चार वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसं खराब झाल्याचं सांगून त्यांना कॅप्सूलचं मशीन लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला माणूस ते दाखवायला लागला, तर आप्पांनी त्याला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. माझी पोरगी नांदेडात हेच शिकवून राहिली."

हे त्यांनी मला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं. मलाही बरं वाटलं. मग मी फोनवरच त्यांना शिकवलं. कॅप्सूल कशी घालायची, मशीन कसं फिरवायचं, आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य, जे मी झोपेतही म्हणू शकते. "आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा, मग जोरात ओढायचा, मग दहा अंक थांबायचं."

"येवढंच?" आप्पा म्हणाले.

"एवढंच."

"हे तर आमच्या मिलचंच हाय की," असं म्हणून ते हसले. मीही हसले. त्या बोलण्याचा अर्थ विचारायचं मला सुचलं नाही.

आठवड्याने मी पुन्हा फोन केला. "आप्पा, ओढून झाल्यावर कॅप्सूल रिकामी होते का?" हा माझा हुकमी प्रश्न. कॅप्सूलमध्ये पूड उरली तर माणसाने नीट ओढलं नाही असं समजायचं.

"हाव. पार रिकामी. कण ऱ्हात न्हाई."

माझी काळजी मिटली. त्यानंतर मी कधी खोलात गेले नाही. दर महिन्याला कॅप्सूलची नवी डबी आणली जाई आणि वेळेवर संपे.

पहिल्या वर्षी आप्पा फोनवर एका दमात सगळं सांगायचे. पाऊस, तुरीचा भाव, शेजारच्यांची म्हैस, आईचे गुडघे. दुसऱ्या वर्षी ते वाक्याच्या मध्येच थांबायला लागले. मी रोज हेच ऐकते, त्यामुळे माझ्या कानाला ते लगेच कळलं आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या वर्षी "जेवलीस" आणि "का" या दोन शब्दांच्या मध्ये श्वास यायला लागला. फोन ठेवला की मी दोन मिनिटं हातातलं काम सोडून नुसती बसून राहायची. मला भीती वाटत होती.

लातूरच्या डॉक्टरांनी औषधाची ताकद वाढवली, पुन्हा वाढवली. मी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी विचारलं, "औषध नीट घेतात ना ते?"

"घेतात सर. मी स्वतः शिकवलंय," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

मिलच्या समोर चहाचं एक हॉटेल आहे. तिथल्या बाकावर मिलमधली तीन निवृत्त माणसं रोज सकाळी बसायची. एक आप्पा. दुसरे, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते काट्यावर पोती तोलायचे. तिसरे चाचा, जे पोत्यांची तोंडं शिवायचे. तिघांचा खोकला एकच. वर्षाच्या अंतराने काकांना आणि चाचांनाही तसंच मशीन मिळालं होतं. मार्गशीर्षातल्या एका पहाटे काका गेले. आप्पांचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"रोज घेत होता गं... मशीन. एक दिस चुकवला न्हाई. माझ्यासारखंच... घेत होता. तरी गेला."

"उशिरा सुरू केलं असेल त्यांनी," मी म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांना मी हेच म्हणते.

संक्रांतीनंतर आईचा फोन आला. आप्पांना न्हाणीपर्यंत जाताना मध्ये एकदा खाली बसावं लागतं, म्हणाली. मी आठ दिवसांची रजा टाकली. नांदेडहून लातूरच्या एसटीत बसले आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या टप्प्यातला पेशंट कसा दिसतो ते मला पाठ आहे. दारात आप्पा दिसले ते तसेच. खांदे कानापर्यंत वर आलेले, ओठ शीळ घातल्यासारखे आवळलेले.

आमच्याकडे लिंगपूजा असते. तोंडाला लागलेली वस्तू उष्टी, ती पूजेच्या आणि स्वयंपाकाच्या आसपास चालत नाही. मशीन तोंडाला लागतं, म्हणून त्याची जागा मागच्या दाराशेजारच्या कोनाड्यात. आप्पा पूजा आटोपून परसात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून ते घ्यायचे. आई तेवढा वेळ तिकडे पाठ करून काहीतरी निवडत बसायची. दिवाळीला मी यायची तेव्हा मीही तिकडे जात नसे. बापाच्या पाठीशी जाऊन "करून दाखवा बघू" असं म्हणायची आमच्या घरी रीत नाही, आणि परक्या माणसांना जे मी दिवसातून चाळीसदा म्हणते ते त्यांना म्हणायची मला लाज वाटायची. चार वर्षांत त्यांना मशीन घेताना घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल वाळत घालायला परसात गेले. आप्पांचं लक्ष नव्हतं. कोवळं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं. त्यांनी कॅप्सूल घातली, मशीन फिरवलं, सगळं अगदी बरोबर. मशीन तोंडात धरलं. आणि होता नव्हता तेवढा सगळा श्वास त्यांनी त्याच्यात जोराने फुंकला. मशीनच्या मागच्या बाजूने पांढरी पूड भस्सकन बाहेर आली आणि उन्हात तरंगत राहिली. मग त्यांनी रिकामं मशीन जोरात ओढलं, डोळे मिटले, बोटांवर दहा अंक मोजले.

"आप्पा, हे काय करताय?"

ते दचकून वळले. "काय? तूच तर सांगितलंस. आधी सोडायचा, मग ओढायचा."

त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, अडाण्याला समजावतात तसं. चाळणीच्या तोंडाचा दट्ट्या उघडला की धुळीचा लोट तोंडावर येतो. तेव्हा आधी जोरात फुंकून समोरची धूळ सारायची आणि मगच दस्तीआडून श्वास घ्यायचा. नव्या माणसाला मिलमध्ये पहिलं हेच शिकवतात. "तुमचे डॉक्टर शेवटी... आमच्याच वाटंवर आले, म्हणलं. पूड तोंडाशी आली की... आधी फुंकायचं."

मी तिथेच पायरीवर बसले. मनातल्या मनात मी माझ्या खोलीत गेले आणि स्वतःला शिकवताना पाहिलं. आधी सगळा श्वास बाहेर सोडा, असं मी म्हणते, आणि म्हणताना माझा उजवा हात मशीन तोंडापासून बाजूला नेतो. समोरचा माणूस ते बघतो आणि तसंच करतो. मशीन बाजूला न्यायचं, हे मी शब्दात कधी सांगितलंच नव्हतं. ते काम हात करत होता. फोनवर आप्पांना शब्द गेले. हात नांदेडलाच राहिला. चार वर्षं माझा बाप रोज सकाळ-संध्याकाळ, एक दिवस न चुकता, आपलं औषध भिंतीवर फुंकत होता आणि मी कॅप्सूल रिकामी होते का विचारत होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग मशीन बाजूला धरून श्वास सोडायला शिकवलं. पहिल्या तीन वेळा त्यांनी पुन्हा मशीनमध्येच फुंकलं. पूड ओठांशी आली की शरीर ऐकत नव्हतं. चौथ्यांदा जमलं, पण आता ओढायला जोरच उरला नव्हता. कॅप्सूल मशीनमध्ये जेमतेम हलली.

आप्पा खाटेवर बसले. मग उठून टोपी घातली.

"चल. चाचाकडं जाऊ."

"तुम्हाला चालवणार नाही. मी एकटी जाते."

"मलाच जावं लागंल," ते म्हणाले.

ऑटोने आम्ही गेलो. चाचा दारातच खाटेवर बसले होते, आप्पांपेक्षा जरा बरे दिसत होते. मला पाहून खूश झाले. "या बेटी, या. आमची डाक्टरीण आली!" मी म्हटलं, चाचा, मशीन कसं घेता ते जरा दाखवा. त्यांनी मोठ्या उत्साहाने मशीन आणलं, तोंडात धरलं, आणि फुंकलं. त्यांच्या गुडघ्यावरच्या लुंगीवर पांढरी पूड पडली. ती त्यांनी सवयीने हाताने झटकली.

"बरोबर हाय ना? तुझ्या आप्पानं शिकवलं. दुकानवाल्याचं आम्ही ऐकलंच न्हाई. म्हणलं, ह्याची पोरगी त्यातलीच हाय, ह्याला पक्कं मालूम असणार. काकालाबी ह्यानंच शिकवलं. काका तर लई जोरात फुंकायचा."

मी आप्पांकडे पाहिलं नाही. चाचांचा हात धरून मशीन बाजूला नेलं आणि त्यांना नव्याने शिकवायला बसले. हातही दाखवला आणि शब्दही सांगितले, पुन्हा पुन्हा, ते कंटाळेपर्यंत. त्यांना जमलं. त्यांच्यात ओढायचा जोर अजून होता.

परत येताना ऑटोत आप्पा पुढे बघत बसले होते. घराच्या गल्लीत वळल्यावर त्यांनी विचारलं, "त्याचंबी... असंच भाईर जात होतं का?"

"काकांचं दुखणं वेगळं होतं, आप्पा."

"खोटं बोलू नको."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, एवढ्यावरून काही सांगता येत नाही. खरंच येत नाही. औषध पोचलं असतं तरी काका गेले असते, असंही होऊ शकतं. पण मला त्या क्षणी ते म्हणवलं नाही. मी म्हणाले, "चूक तुमची नाही. मी फोनवर अर्धंच सांगितलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हे कुणाला सांगू नको," ते म्हणाले. "काकूला तर... न्हाईच न्हाई. तुझी नोकरी हाय. लोक तुझ्याकडं... इश्वासानं येत्यात."

आईला आणि आप्पांना मी नांदेडला घेऊन आले. आता आप्पा वाफेच्या मशीनवर आहेत, रात्रंदिवस नळीतून ऑक्सिजन चालू असतो. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. जणू ते मला ठाऊकच नव्हतं. चाचा अजून बाकावर जाऊन बसतात, एकटेच. खोलीत मी आता कुणावर ओरडत नाही. डॉक्टरांना वाटतं, मी वयाने शांत झाले.

घराकडे लक्ष द्यायला मी महिन्यातून एकदा लातूरला जाते. काकांचं घर आमच्याच गल्लीत आहे. चोरासारखं पुढून निघून जावं म्हटलं तरी काकू हाक मारतात, चहा टाकतात, समोर बसतात आणि दर वेळी तेच सांगतात.

"तुझ्या आप्पानं अन् तू आमच्यासाठी लई केलं बग. शेवटच्या दिशीबी मशीन घेतलं त्येंनी, तुम्ही सांगितलं अगदी तसं. बरोबरच घेत होते ना गं?"

"हाव काकू," मी म्हणते. "बरोबरच घेत होते."