घामातलं मीठ

भीमसेन गायकवाड वीस वर्षं नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात राहत होते. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे ते इंजिनिअर, आणि ब्लड प्रेशर निघाल्यापासून जेवणात मीठ जेमतेमच घ्यायचे. जुलैच्या त्या उकाड्यात गावाबाहेरच्या आपल्या चिमुकल्या मळ्यात ते सकाळपासून बटाटे खणत होते. घामाच्या नुसत्या धारा लागल्या होत्या. उन्हात पाणी पीत राहावं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते बाटलीमागून बाटली रिकामी करत होते. तरी डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं. घरी जावं म्हणून ते सायकलींपाशी आले आणि तिथेच थबकले. यातली आपली कोणती?

शेजारच्या मळ्यातल्या मारायकेबाईंनी डचमध्ये विचारलं, "बरं वाटत नाही का?"

शब्द ओळखीचे होते, अर्थ मात्र लागेना. "बाई, माझं घर कुठंय?" ते चक्क मराठीत म्हणाले. मारायकेबाईंनी तडक ॲम्ब्युलन्स बोलावली.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये डोकं जरा ताळ्यावर आलं तेव्हा मुलगी धम्मदीपा उशाशी होती. "बाबा, घामातून मीठ गेलं, आणि नुसतं पाणी पिऊन रक्तात उरलेलंही पातळ झालं, म्हणून तुम्हाला काही कळेनासं झालं, असं डॉक्टर म्हणाले."

"अगं, पण मीठ कमी करा म्हणणारेही डॉक्टरच होते ना?"

"हो, पण ते रोजच्यासाठी."

"आणि पाणी भरपूर प्या म्हणणारे?"

तेवढ्यात नर्सने खारट सूप आणून ठेवलं. भीमसेन वाडग्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "पिऊ ना?"