गाडीच्या काचेएवढी स्क्रीन

सगळी नोकरी खरेदी विभागात गेलेल्या बाईला एक कॉम्प्युटर निवडायला किती वेळ लागावा? मी आठवडा धरला होता. आमच्या कंपनीत साधा व्हॉल्व्हसुद्धा तीन कोटेशनांशिवाय येत नाही. तीच सवय घरीही आहे. कुकर घ्यायचा तरी मी तीन दुकानं फिरते. पण या कॉम्प्युटरने गणपती खाल्ले, दसरा खाल्ला, दिवाळी तोंडावर आली, तरी एक स्क्रू घरात आला नव्हता.

कॉम्प्युटर नवऱ्यासाठी होता, गेम खेळायला, म्हणजे चांगला ताकदीचा. त्याचं आयुष्य शेतीचे पंप विकण्यात गेलं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश त्याने स्वतः गाडी चालवून पालथे घातले. निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला, तोही उशिरा. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंची नजर गेली आणि ती परत येत नाही. गाडी कायमची बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याने मान हलवली, आणि त्या दिवसापासून घरात त्याचे पाय थांबेनात. मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून उसाचा एक उरलेला तुकडा आणि खालचं पार्किंग दिसतं. हा दाराशी जायचा, बाल्कनीत यायचा, गाडीकडे बघायचा, पुन्हा दाराशी. मला ते बघवेना. दया येत होती असं नाही. माझं कशात लक्ष लागत नव्हतं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ट्रक चालवायचा गेम दाखवला. टेबलाला खरं स्टिअरिंग लावायचं, पायाखाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, आणि दिवसभर हायवे. मी घरी येऊन सांगितलं आणि तिथल्या तिथे ठरवलंही: कॉम्प्युटर घरात आला की गाडी विकायची. खालच्या मजल्यावरचे शेजारी कधीपासून विचारतच होते.

"चालेल," तो म्हणाला. "पण निवडणार मी."

त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, मी ती कपाटात ठेवली आणि आम्ही कामाला लागलो.

बुधवार पेठेतलं एक दुकान पक्कं केलं. वडील तिथे रेडिओ विकायचे, मुलगा कॉम्प्युटर विकतो. तो मुलगाही आता चाळिशीचा आहे. प्रोसेसर ठरला, मदरबोर्ड ठरला, रॅम ठरली. वीजपुरवठा सांभाळणारा एसएमपीएस मी चांगलाच घ्यायला लावला, कारण आमच्याकडची वीज लहरी आहे. मग नवऱ्याला त्याहून जोरदार ग्राफिक्स कार्ड दिसलं. ते कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून कॅबिनेट बदललं. त्याला वीज जास्त लागणार, म्हणून एसएमपीएस बदलला. तेवढ्यात त्याने मदरबोर्डवर शंका काढली. एक बदललं की चार बदलायची आणि मी नव्याने तीन कोटेशनं मागवायची. ती हातात येईपर्यंत याचं आणखी काहीतरी बदललेलं असायचं.

शेवटी स्क्रीनची पाळी आली. "गाडीच्या समोरच्या काचेएवढी पाहिजे," तो म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीची मला नको." तेवढ्या रुंद स्क्रीनला आणखी मोठं कार्ड लागणार होतं.

"मॅडम," दुकानदार म्हणाला, "लोकांची लग्नं यापेक्षा लवकर जमतात."

"माझंही लवकरच जमलं होतं. म्हणून आता जरा बघून घेतेय."

मला झोप येईनाशी झाली. मी ऑफिसच्या बसमध्येही कार्डांची लांबी मोजायला लागले होते. एका संध्याकाळी मनाशी म्हटलं, पुरे, आणि सुटल्यावर थेट दुकानात गेले. आज ऑर्डर देऊनच बाहेर पडायचं होतं.

"साहेब दुपारी येऊन गेले की," दुकानदार म्हणाला. "ऑर्डर थांबवा म्हणाले. नवीन कार्ड येतंय बाजारात."

"आले कसे?"

"गाडीने. इथेच रस्त्यात उभी केली होती. ट्रॅफिकवाले गाडी उचलून नेतील म्हणून मीच त्यांना हाकललं."

मी त्याच्या स्टुलावर बसले. मांजरीपासून बुधवार पेठेपर्यंत. हडपसरची गर्दी, दोन्हीकडून घुसणाऱ्या दुचाक्या, मध्येच रस्ता ओलांडणारी माणसं, आणि त्यातून बाजूचं काही न दिसणारा माणूस येऊन परतही गेला होता. किल्ली माझ्याकडे होती, म्हणजे दुसरी त्याने ठेवून घेतली होती. आणि तो काही निवडत नव्हता. निवड चालू होती तोवर गाडी खाली उभी राहणार होती, एवढाच त्याचा हिशेब होता. माझी कोटेशनं त्याला आयतीच मिळाली होती.

"उद्या साहेबांना घेऊन येते," मी म्हटलं. "ती रुंद स्क्रीन मांडून ठेवा. स्टिअरिंगसकट."

घरी तो सोफ्यावर होता. गाडी खाली तिच्या जागेवर होती.

"उद्या मी रजा टाकलीय. स्क्रीन बघायला जाऊ. रिक्षाने."

"रिक्षाने?"

"मग कशाने?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात स्क्रीन काउंटरभर पसरली होती, दोन्ही टोकांना वळलेली. नवरा खुर्ची पुढे ओढून बसला, स्टिअरिंग धरलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याचे पाय जागेवर आले. ट्रक निघाला. गिअर तो खरोखर छान टाकतो. थोड्या वेळाने उजव्या टोकाकडून एक टेम्पो आला. मला दिसला, दुकानदाराला दिसला. नवऱ्याने ट्रक त्याच्यावर घातला.

"ब्रेक ढिले आहेत याचे," तो म्हणाला.

दुकानदार काही सांगायला पुढे झाला. मी हाताने थांबवलं.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी डावीकडून मोटारसायकल आली. मग तो अख्खी मान वळवायला लागला, या टोकाला, त्या टोकाला, आणि तेवढ्यात समोरचा रस्ता सुटून ट्रक कठड्याला जाऊन भिडला. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मी मांडणीवरच्या खोक्यांवरची नावं वाचत राहिले.

"लहान आहे का?" त्याने विचारलं.

"आहे ना. पण तुम्हाला तर काचेएवढी..."

"लहान दाखवा. कडेचं मला दिसत नाही."

चहात साखर नको म्हणावं तशा आवाजात म्हणाला. डॉक्टरीणबाईंसमोरही तो फक्त 'जरा अंधुक' म्हणायचा.

साधी स्क्रीन मांडली. खुर्ची बरीच मागे घेतली. रस्ता, दोन्ही आरसे, मागून येणारी वाहनं, सगळं त्याच्या समोरच्या नजरेत बसलं. एक टेम्पो उजवीकडून पुढे निघाला, याने त्याला जागा दिली आणि बोटभर हात वर केला, हायवेवर करायचा तसा.

"एवढीच स्क्रीन असेल तर मोठं कार्ड लागत नाही," दुकानदार म्हणाला. "पहिलं ठरवलं होतं तेच चालेल. कॅबिनेट लाइटवालं देऊ?"

"वरात काढायचीय का?" नवरा म्हणाला. "साधं द्या. आणि आजच द्या."

दुकानदाराने तिथेच सगळं जोडून, चालवून दाखवलं. मी एकही कोटेशन मागवलं नाही.

परतीच्या रिक्षात कॅबिनेटचं खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर होतं. स्क्रीन त्याच्या पायांशी, स्टिअरिंग सीटमागे. बोलायला जागा होती, हलायला नव्हती.

"दुसरी किल्ली कुठंय?"

"चपलांच्या कपाटात. माझ्या जुन्या बुटात."

"डाव्या की उजव्या?"

"उजव्या."

"शेजाऱ्यांना आज सांगू का?"

"सांग. पण टायर नवीन आहेत म्हणावं. उगाच पाडून मागतील."

हडपसरला गाडीतळाच्या चौकात डावीकडून एक दुचाकी आडवी घुसली. त्याला ती दिसली नाही. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला तेव्हा कुठे नवऱ्याचा उजवा पाय खाली दाबला गेला. माझा त्याच्या आधीच गेला होता, आणि मला तर गाडी येतही नाही.